अकरावा रविवार

ज्या माणसावर पुढे माझा जीव जडला, त्याने पहिल्याच भेटीत मला लाथ मारली. तीही माझ्या आईसमोर. आणि आईने वर हात जोडून त्याचे आभार मानले!

लाथ म्हणजे अगदी तशी लाथ नव्हे. प्रीतम पायाळू होता, म्हणजे जन्माला येताना आधी पाय आणि मग डोकं घेऊन आलेला. अशा माणसाने डाव्या पायाची टाच कमरेला लावली की कमरेतली चमक निघून जाते, असं आमच्या पवनी तालुक्यात सगळे मानतात. दहावी नापास मानतात आणि बी.एड. झालेलेही मानतात. मी बी.ए. आहे. मी मानत नव्हते. पण तीन वर्षं कंबर दुखत असली की माणूस कशालाही मान डोलावतो.

तीन वर्षांपूर्वीच्या धानाच्या रोवणीत, पाचव्या दिवशी वाकलेली मी सरळ झालेच नाही. दोघी जणींनी धरून मला चिखलातून धुऱ्यावर, बांधावर, आणलं. तेव्हापासून मलम झालं, मालिश झालं, गरम विटेचा शेक झाला, कमरेचा पट्टा झाला, गावातल्या डॉक्टरच्या सुया झाल्या. सुई टोचली की चार दिवस मी माणसात, पाचव्या दिवशी पुन्हा खाटेवर. आम्ही ढिवर. बाबा, म्हणजे धनीराम, आसगावच्या तलावात जाळं टाकतात. आई आणि मी मासोळ्या घेऊन पवनीच्या बाजारात बसतो. टोपली डोक्यावर घेऊन बसमधून उतरताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण मोठ्या डॉक्टरचं नाव काढलं की आई, सखाबाई, एकच बोलायची.

"मणक्याचं ऑपरेशन सांगतील ते. ऑपरेशन झालेली पोरगी कोण करते वो?"

म्हणजे माझी कंबर माझी नव्हतीच. ती होणाऱ्या नवऱ्याची होती, आणि त्याला ती न उघडलेली हवी होती.

तर आश्विनातला रविवार. पहाटेची थंडी नुकती लागली होती, आधी पिकणाऱ्या हलक्या धानाचा वास रस्ताभर होता. पवनीच्या टोकाला प्रीतमचं घर. शेतीवाडीचे लोक, मोठं आंगण. त्याची आई चंद्रकांताबाई यांनी आम्हाला आंगणातच थांबवलं, चटई टाकली आणि नियम सांगितले. उपाशीपोटी यायचं, सूर्य उगवायच्या आत यायचं, पाच रविवार यायचं. आणि टाच तीनदा लागेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. बोललं की सगळं फुकट.

मी पालथी पडले. मला दिसत होतं ते एवढंच — सारवलेलं आंगण, तुळशीचा ओटा आणि घरातून बाहेर आलेले दोन पाय. एकात मोजा, एक उघडा.

"आई, रविवारी तरी झोपू देत जा ना. मी एक्स-रे सेंटरवर काम करतो वो! लोकाईले कळलं तर हसतील मले."

"चूप. पाय धुतला?"

"धुतला."

"दोन्ही?"

"लाथ तर एकाच पायानं मारायची आहे ना?"

आणि मला हसू फुटलं! चटईत तोंड खुपसून दाबलं, तरी पाठ गदगदायला लागली. टाच कमरेवर टेकली ती नेमकी तेव्हाच. मग दोन्ही आयांची चर्चा सुरू झाली की हसणं बोलण्यात धरायचं की नाही. चंद्रकांताबाईंनी निकाल दिला की धरायचं. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी मी ओठ चावून पडून राहिले. टाच आली... इतकी हलकी, की झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ थांबली — निदान मला तसं वाटलं.

आया फाटकाशी बोलत उभ्या राहिल्या. मी कशीबशी उठून बसले, तर समोर एक दाढी वाढलेला, झोपेने डोळे सुजलेला मुलगा.

"नाव काय जी तुमचं?"

"नंदिनी."

"नंदिनीबाई, माझ्या पायात काही नाही. मी पायाळू आहे, डॉक्टर नाही. उद्या एक्स-रे काढायले या."

"मग पाय कायले लावला?"

"आई रुसते." मग जरा थांबून म्हणाला, "अन् तुम्ही हसल्या. त्याच्यामुळे दुसऱ्यांदा लावू वाटला."

 

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून मी त्याच्या सेंटरवर गेले. हातांना मासोळ्यांचा वास होता, तीनदा साबण लावला तरी गेला नव्हता. त्याने मला थंडगार टेबलावर झोपवलं, दिवा जुळवला आणि काचेमागे गेला.

"श्वास घ्या... रोखून धरा."

मी धरला. मशीन वाजलं. बंद झालं. तो काही बोलेना.

"सोडू का?" मी गुदमरून विचारलं.

"अरे हो, सोडा सोडा! मी पाहून राहिलो होतो."

"काय?"

"हाडं," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

फोटो त्याने खिडकीच्या उजेडात धरला. माझी पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. एकावर एक रचलेले मणके, जुन्या भिंतीच्या विटांसारखे. तो बोटाने दाखवत होता आणि मी बोट पाहत होते.

"हाडं चांगली आहेत. पण दोन मणक्यांच्या मधात गादी असते, ती यात दिसत नाही. ती सरकून नस दाबली असेल तर एमआरआय लागते. भंडाऱ्याले नाही तर नागपूरले जा."

"जाईन. पाच रविवार होऊ द्या आधी."

"तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?"

"नाही."

"मग?"

"मग काय... आई रुसते."

तो हसला. वरचा एक दात किंचित आडवा होता. एवढ्यावरच माझं चुकलं, हे मी आज सांगू शकते. त्या दिवशी मला चुकल्यासारखं मुळीच वाटलं नव्हतं. आसगावची बस येईपर्यंत मी एकटीच हसत उभी होते.

आता एक गोष्ट समजून घ्या. त्या आंगणात पाऊल टाकायला माझ्याकडे दुसरं कुठलंच कारण नव्हतं. ते मोठे शेतकरी, आम्ही ढिवर. पाय लावून झाल्यावर चहा मिळायचा. बाकी आलेल्यांना स्टीलच्या कपात, आम्हाला कागदी. तिसऱ्या रविवारी प्रीतमने त्याचा स्वतःचा कप माझ्या हातात दिला. चौथ्या रविवारी तो कप मला आंगणाच्या भिंतीवर उपडा ठेवलेला दिसला. घरात परत घेतला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नाही. त्यांच्या पोराचा पाय माझ्या पाठीला चालत होता, माझे ओठ त्यांच्या कपाला चालत नव्हते.

म्हणून कंबर दुखणं हेच माझं तिकीट होतं. आणि पाचव्या रविवारी ते संपणार होतं.

"आराम आहे का?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"लय आहे काकू. जरासंच राहिलं. अजून दोन-तीन रविवार लावले तर मुळापासून जाईल."

खोटं! दुखणं कमरेतून निघालं होतं हे खरं, पण गेलं नव्हतं. ते मांडीतून पोटरीत उतरलं होतं. रात्रंदिवस मुंग्या. कधी कधी पावलावर कोणीतरी जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटायचं. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे मला इथेच सांगून टाकायचं आहे. एमआरआय काढून ये म्हणून त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी गेले नाही. कारण नागपूरचा डॉक्टर मला बरं करील, आणि बरी झाले तर रविवारी मी जाणार कुठे?

आणि तो? दुसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "गेल्या का?" तिसऱ्या रविवारी विचारलं, "जाणार आहा ना?" पुढे विचारायचं त्याने सोडून दिलं. त्याऐवजी तो सकाळी दाढी करून बाहेर यायला लागला. दोन्ही पाय मोज्याविना.

"आज लवकर उठले वाटते पायाळू."

"झोपच येत नाही शनिवारी."

"दवा घ्या मग."

"दवा आसगाववरून येते. पहिल्या गाडीनं."

असं चालायचं, आया फाटकाशी असताना, चोरून, दोन-दोन वाक्यांत. धान कापून झालं, आंगणाच्या कोपऱ्यात तणसाचा ढीग उभा राहिला. थंडीत चटईवर पालथं पडलं की अंगावर काटा यायचा. मग टाच यायची आणि काटा वेगळ्याच कारणाने यायचा. सहाव्या रविवारी निघताना मागून त्याने हाक मारली. माझी डावी चप्पल आंगणात मधोमध पडलेली होती आणि मी अनवाणी फाटकापर्यंत पोचले होते.

"मुद्दाम सोडून जाऊन राहिल्या का? म्हणजे परत यावं लागते?"

"तसंच समजा," मी म्हटलं. मनात मात्र चरकले. चप्पल पायातून निघाली ते मला कळलंच नव्हतं. तो चप्पल हातात घेऊन क्षणभर उभा राहिला, माझ्या पावलाकडे पाहिलं, आणि मग हसून ती माझ्यापुढे ठेवली. सातव्या रविवारीही निघाली. नवव्यालाही.

अकरावा रविवार डिसेंबरातला शेवटचा होता. धुकं एवढं, की तुळस दिसत नव्हती. मी चटईवर पडले. टाच एकदा लागली. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. चंद्रकांताबाई धावल्या, आणि गरम भांडं उतरवायला आईलाही खुणेने बोलावलं. मुजोरी बघा, बोलावलं तेही दारापर्यंतच, आत नाही!

आंगणात आम्ही दोघंच. तो खाली बसला. त्याचा श्वास मला कानाशी ऐकू आला.

"नंदिनी..." पहिल्यांदाच नुसतं नाव, "तू बोलू नको. नियम आहे. मले तुझ्यासोबत लग्न करायचं आहे. आईसोबत भांडण होईल, पण मी भांडतो. फक्त तू... हो असेल तर डाव्या पायाचा अंगठा हलव. मी पाहून राहिलो."

देवा! माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की चटई हलत असेल. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. मी डोळे मिटले आणि सगळा जीव डाव्या पायात नेला. अंगठा हलवला. एकदा नाही, दोनदा हलवला. हो. हो.

तो उठून उभा राहिला. आया परत आल्या. टाच दुसऱ्यांदा लागली, तिसऱ्यांदा लागली, नेहमीपेक्षा भरभर. मी उठून बसेपर्यंत तो आत गेलेला होता. चहा द्यायलाही बाहेर आला नाही.

लाजला, मला वाटलं. परतीच्या बसमध्ये मी काचेवरच्या धुक्यात बोटाने काहीबाही रेघा ओढत होते. आई म्हणाली, "आज लय आराम दिसते." मी म्हटलं, "हो माय. आज एकदम आराम."

आठवडाभर त्याचा फोन नाही. शनिवारी मीच मेसेज टाकला — "उद्या येऊ ना?"

दोन निळ्या रेघा आल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं. "आता यायची गरज नाही. पायाने काही होत नसते. मोठ्या डॉक्टरला दाखवा."

दाखवा. तू नाही, तुम्ही. मी तो मेसेज वीस वेळा वाचला. मुलीने हो म्हटलं आणि पोरगा घाबरला, याला दुसरा अर्थच निघत नव्हता. संताप आला. मग मी ठरवलं, की मी हो म्हटलंय, आता पुढचं त्याने बोलावं. मी त्याच्या मागे लागणारी नाही. आणि फोन उशीखाली ठेवून रोज पन्नासदा पाहत राहिले.

जानेवारीच्या मधात चंद्रकांताबाई बाजारात आल्या. मरळ निवडताना त्यांनी गालातल्या गालात हसून सांगितलं.

"प्रीतमचं जमलं वो. आंधळगावची पोरगी, टीना नाव. साक्षगंध झालं परवा. आमचं पोट्टं तर कुठं हो म्हणत नव्हतं, पंधरा दिवसांत काय झालं काय माहीत, म्हणते कुठंही कर आता." मग माझ्याकडे पाहून, "तुह्या कमरेले आराम आहे ना?"

"आहे काकू," मी म्हटलं. मरळ कापून दिली.

त्या गेल्यावर टोपली उचलायला उठले आणि डावा पाय माझ्याखाली नव्हताच. मासोळ्यांसकट बाजारात आडवी झाले. आठ-दहा बायका धावल्या. मी ओरडले, ती दुखलं म्हणूनच ओरडले का, हे मला अजून माहीत नाही.

या वेळी आई काही बोलली नाही. बाबांनी रेशनचं केशरी कार्ड घेतलं आणि आम्ही नागपूरला निघालो. मोठा दवाखाना, मोठी रांग. तपासायला एक डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पाय सरळ वर उचलून पाहिला, मी किंचाळले. टाचणीने पाऊल टोचून पाहिलं.

"इथे कळतंय?"

"काय?"

त्यांनी नर्सकडे पाहिलं. "बरं. आता दोन्ही पायांचे अंगठे वर उचला. माझ्याकडे."

"उचलले."

"डावा?"

"उचलला ना मॅडम."

"उठून बघा जरा."

मी कोपरांवर रेलून पाहिलं. उजवा अंगठा ताठ उभा होता. डावा मेल्यासारखा पडला होता. मी पुन्हा जोर लावला. मांडीपर्यंत जोर लागल्याचं मला जाणवत होतं, अंगठा हलतोय असं आतून वाटत होतं. तो हलत नव्हता.

धुकं. चटई. हो. हो.

"मॅडम," मी विचारलं, "हा... कधीपासून हलत नसेल?"

"ते तुम्हीच सांगायचं. चप्पल निघून जायची का, न कळता?"

"हो."

"कधीपासून?"

मी बोटांवर रविवार मोजले. मॅडमचा चेहरा उतरत गेला. एमआरआय झाला. गादी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून सरकून नसेवर बसली होती. मॅडमनी सरळ सांगितलं की ऑपरेशन लवकर करायला हवं, दुखणं जाईल; पायातली ताकद परत येईलच असं सांगता येत नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. तसंच झालं, तेही आताच सांगून टाकते. दुखणं गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपते, बाजारातही बसते. डाव्या बुटात मात्र प्लॅस्टिकची पट्टी घालावी लागते, नाही तर पाऊल घासत चालतं. पायाचं हे असं आहे. बाकीचं ऐका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रीतमला मेसेज केला. खूप लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं — "त्या रविवारी मी हो म्हटलं होतं. अंगठा हलला नाही हे मला इथे येऊन कळलं. उद्या ऑपरेशन आहे."

निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं नाही. सकाळी आठ वाजता तो स्वतः वॉर्डच्या दारात उभा होता. आई त्याला पाहून थबकली, माझ्याकडे पाहिलं, आणि गरम पाणी आणायचं निमित्त करून निघून गेली. आई मूर्ख नाही, नव्हतीच कधी.

तो स्टूलवर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पहिल्या दिवशीसारखे. वाईट म्हणजे मला तो तेव्हाही आवडला.

"मले वाटलं तू नाही म्हणून राहिली," तो म्हणाला.

"मले वाटलं मी हो म्हटलं, अन् तू पळाला."

आम्ही दोघंही हसलो. हसू फार टिकलं नाही. मला वाटलं होतं आता तो माझा हात धरील. तो जमिनीकडे पाहत राहिला.

"एक सांगू? तुले खोटं सांगू वाटत नाही." तो थांबत थांबत बोलत होता. "अंगठा हलला नाही, तेव्हा मले दोन गोष्टी सुचल्या. एक, तू नाही म्हणते. दुसरी..."

"दुसरी?"

"नस गेली असन. चप्पल निघत होती, मी पाहून राहिलो होतो, नंदिनी. रोज असे पेशंट येते माझ्यासमोर. मले समजायले पाहिजे होतं. समजलंच होतं."

"मग?"

"मी पहिली गोष्ट धरली."

"काहून?"

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कण्हत होती.

"सोपी होती," तो म्हणाला. "तू नाही म्हटलं की संपलं. आईसोबत भांडायचं नाही, गावात तोंड द्यायचं नाही. भांडतो म्हणून बोललो खरा... पण त्या दिवशी आत गेलो ना, तर रडू आलं. अन् खोटं नाही बोलत, सोबत जरासं बरंही वाटलं."

याच्यापेक्षा त्याने टाचेने खरंच जोरात मारलं असतं तर चाललं असतं. पण त्याने खरं सांगितलं होतं. आणि रागाने फुटत असतानाही मला ते दिसत होतं, की माझ्यासारखंच त्यानेही दुखण्याकडे डोळेझाक केली. मी त्याला भेटता यावं म्हणून केली. त्याने मला टाळता यावं म्हणून.

"लग्न कधी आहे?"

"बारा दिवस आहेत. पत्रिका वाटून झाल्या." मग एकदम वर पाहून, "तू म्हणत असशील तर मोडतो."

"अन् मी म्हटलं नाही तर?"

तेवढ्यात सिस्टर आली. हातात फॉर्म, कानामागे पेन. घाईत होती. "नंदिनी धनीराम? पुढचा नंबर तुमचा. नातेवाईक कोण?" तिने प्रीतमकडे पाहिलं. "तुम्ही मिस्टर ना? इथे नाव, इथे पेशंटशी नातं, इथे सही. पटकन."

आणि पेन त्याच्या हातात देऊन ती पुढच्या खाटेकडे गेली.

तो नाही म्हणाला नाही. फॉर्म मांडीवर घेतला. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, सुंदर अक्षरात. मग पेन दुसऱ्या रकान्यावर गेलं आणि थांबलं.

मी त्याच्या हाताकडे पाहत होते. लिही, मी मनात म्हणत होते. अपमान, कागदी कप, टीना, सगळं विसरते मी, तू फक्त लिही. खोटं असलं तरी लिही, मी उद्या ते खरं करून घेईन. एवढी मी त्याच्यावर प्रेम करत होते! पाय जाणार की राहणार हे आत ठरायचं होतं. माझं काय होणार ते त्या रकान्यात ठरायचं होतं.

पेनच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका मोठा झाला.

"तुमचे बाबा कुठं आहेत?" त्याने विचारलं.

तुमचे.

"रक्ताच्या रिपोर्टच्या रांगेत," मी म्हटलं.

"त्यांनीच करावी ना सही... कायद्यानं तसंच बरं राहते."

"हो. कायद्यानं तसंच बरं राहते."

त्याने आपल्या नावावर एक सरळ काट मारली. फॉर्म उशीशी ठेवला, उभा राहिला. "येतो मी," एवढंच म्हणाला. वॉर्डच्या दाराशी वळून पाहील म्हणून मी पाहत राहिले. त्याने वळून पाहिलं नाही.

बाबा आले. त्यांनी चष्मा लावून, जीभ दातांत धरून, सावकाश सही केली. नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहिलं. मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा सिस्टर खिसे चाचपत आली.

"तुमचे मिस्टर माझा पेन घेऊन गेले का हो?"

"ते माझे मिस्टर नाहीत."

"मग कोण होते?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू कोसळलं. छातीतून, हुंदके देऊन, सगळ्या वॉर्डसमोर. सिस्टरला वाटलं मी ऑपरेशनला घाबरले. तिने स्ट्रेचर थांबवलं, माझे डोळे तिच्या रुमालाने पुसले आणि खूप मायेने म्हणाली,

"रडू नका बाई. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही."